कण्हेर जलाशयातील स्पून जिगिंग : दोरा, गाठी आणि जुळणीच्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024, सातारा

आमच्या गळमासेमारी गटासाठी खोल पाण्यातील स्पून जिगिंगची एक प्रमाण जुळणी ठरवण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. जिगिंगमध्ये धातूचा जड स्पून, म्हणजे माशाला भुलवणारे गळ लावलेले चमच्यासारखे पाते, होडीच्या थेट खाली तळापर्यंत सोडतात, रॉडच्या टोकाने तो हात-दीड हात वर उचलतात आणि पुन्हा पडू देतात. मासा बहुतेक वेळा स्पून पडत असतानाच तोंड घालतो, त्यामुळे दोरा कोणता, गाठ कोणती आणि मध्ये कड्या किती, या प्रत्येक प्रश्नाचा संबंध शेवटी त्या पडण्याशी येतो.

जागा म्हणून वेण्णा नदीवरील कण्हेर जलाशय निवडला आहे. कोयनेचे पाणी अधिक खोल आणि मोहात पाडणारे असले, तरी ते क्षेत्र सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे आणि तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीकडील मित्रांनी कृष्णेचा पर्याय सुचवला होता. मात्र तिथे वाहत्या पाण्यात स्पून सरळ खाली जात नाही आणि त्या पट्ट्यात मगरींचा वावर असल्याने काठावरून पाण्यात उतरून अडकलेला गळ सोडवणे धोक्याचे आहे. कण्हेरला पाणी संथ आहे, खोली पुरेशी आहे आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची रीतसर परवानगी घेऊन त्यांच्याच होडीतून जाता येते.

परवानगीसाठी गेलो असता संस्थेतील ज्येष्ठ मच्छीमार तात्या यांनी एकच अट घातली. “स्पून गेला तर जाऊ दे, पण तंगूस तळाला सोडू नका. आमचं जाळं त्यात गुततंय, आन् पाणकावळंबी अडकत्यात.” जलाशयाच्या बुडीत भागात जुन्या शेतांचे बांध आणि बाभळीची खोडे आहेत, त्यामुळे गळ अडकणार हे गृहीत धरावेच लागते. म्हणून या प्रकल्पाची कसोटी मी अशी ठरवली आहे : जुळणीतील कोणता भाग कोणत्या क्रमाने हार मानेल हे आधी ठरवायचे, आणि काहीही झाले तरी दोरा पाण्यात राहता कामा नये. मासे लागणे ही दुसरी कसोटी.

20 ऑक्टोबर 2024

मुख्य दोऱ्याचा निर्णय आज झाला. बाजारात तीन पर्याय मिळतात : नायलॉनचा एकेरी तंगूस, फ्लुरोकार्बन आणि पॉलिइथिलीनच्या बारीक तंतूंचा विणलेला ब्रेडेड दोरा, ज्याला दुकानदार ‘पीई’ म्हणतात. काठावरून गळ टाकणाऱ्याला तंगुसाचा ताण उपकारक ठरतो, कारण मासा हिसडे देऊ लागला की तो ताण धक्का पचवतो. जिगिंगमध्ये मात्र हाच गुण आड येतो. नायलॉन तुटण्यापूर्वी साधारण 20 ते 30 टक्के लांबतो, तर ब्रेडेड दोरा केवळ 3 ते 4 टक्के. पंधरा मीटर खोलीवर स्पून पडत असताना माशाने त्याला नुसते तोंड लावले, तर तंगुसातून ती जाणीव बोटापर्यंत पोचेपर्यंत मासा स्पून थुंकून मोकळा झालेला असतो, आणि हिसका दिला तरी त्यातला बराचसा जोर दोरा लांबण्यातच संपतो.

दुसरा विचार जाडीचा. 0.165 मिमी व्यासाचा पीई 1 क्रमांकाचा दोरा साधारण 20 पौंड, म्हणजे 9 किलो वजन पेलतो. तेवढ्याच ताकदीचा तंगूस घ्यायचा तर त्याची जाडी दुपटीहून अधिक होते. जाड दोऱ्याला पाणी अधिक अडवते, परिणामी स्पून हळू पडतो आणि वाऱ्याने होडी सरकू लागली की दोऱ्याला पाण्यात पोट सुटते. बारीक दोऱ्यावर 14 ग्रॅमचा स्पूनही सरळ रेषेत खाली जातो.

ब्रेडेड दोऱ्याचे दोषही नोंदवणे आवश्यक आहे. तो गुळगुळीत असल्याने साध्या गाठी त्यात सरकतात. दगडाच्या कडेवर घासला तर तो फार लवकर कातरतो. पॉलिइथिलीन सुमारे 145 अंश सेल्सिअसलाच वितळत असल्यामुळे कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनेच तंतू दुबळे होतात. शिवाय नव्या रिळावर तो थेट गुंडाळला, तर संपूर्ण गुंडाळीच स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून आधी काही मीटर तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेडेड दोरा भरला आणि स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवली.

निर्णय : पीई 1, दर 10 मीटरला रंग बदलणारा. रंगांचा हा खर्च शोभेसाठी नाही. मासे तळापासून दोन मीटर वर आहेत हे एकदा समजले, की दुसऱ्या वेळी स्पून नेमका तिथेच थांबवण्यासाठी रंग मोजण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही.

27 ऑक्टोबर 2024

ब्रेडेड दोरा थेट स्पूनला बांधण्याची पद्धत काही जण वापरतात. आम्ही ती नाकारली आहे, कारण तसे केल्यास जुळणीतील सर्वांत बळकट भागच बाभळीच्या खोडाशी भिडतो आणि तोडायची वेळ आली तर दोरा कुठे तुटेल याचा नेम राहत नाही. मध्ये लीडर, म्हणजे मुख्य दोरा आणि स्पून यांना जोडणारा वेगळ्या दोऱ्याचा आखूड तुकडा, हवाच.

लीडरसाठी फ्लुरोकार्बनची शिफारस सर्वत्र केली जाते. त्याचा अपवर्तनांक 1.42 असल्याने तो पाण्याच्या 1.33 या अंकाला नायलॉनपेक्षा जवळचा आहे, म्हणून पाण्यात कमी दिसतो. त्याची घनता 1.78 असल्याने तो बुडतो आणि खरखरीत दगडावर अधिक टिकतो. हे सर्व खरे असूनही मी साधा 12 पौंडी तंगूस, म्हणजे सुमारे 5.4 किलो क्षमतेचा, निवडला आहे. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात आणि दहा-पंधरा मीटरच्या अंधारात लीडरच्या अदृश्यतेला फारसा अर्थ उरत नाही. तंगूस मऊ असल्याने त्यात गाठ चांगली बसते आणि किंमत कमी असल्याने सभासद तो वेळेवर बदलतात. महागाचा लीडर माणूस खरचटलेला असला तरी वापरत राहतो, हे मी गटात वारंवार पाहिले आहे.

लांबी 1.2 मीटर ठरवली. रॉड साडेसहा फुटी आहे, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. लीडर त्याहून बराच आखूड असल्यामुळे स्पून किंवा मासा होडीपाशी आला तरी जोडाची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीबाहेरच राहते. ही बाब पुढच्या निर्णयांसाठी फार महत्त्वाची ठरणार आहे, कारण कडीतून जावे लागणार नसेल तर गाठ बारीक असण्याचे बंधनच उरत नाही.

10 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतरचा पूर्ण दिवस गाठींना दिला. परीक्षेसाठी कोणतेही यंत्र वापरले नाही. पडवीच्या लोखंडी आडव्याला दोऱ्याचे एक टोक गुळगुळीत लाकडी दांड्यावर अनेक वेढे देऊन पक्के केले, दुसऱ्या टोकाला आधी वजन केलेली बादली टांगली आणि मापाच्या तांब्याने हळूहळू पाणी ओतत गेलो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरत असल्याने बादली खाली पडेल तेव्हाचा भार सहज समजतो. खाली जुनी गादी अंथरली होती. दोरा तुटताना मागे उसळतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय कोणालाही जवळ येऊ दिले नाही.

किती भाराला दोरा तुटला यापेक्षा तो कुठे आणि कसा तुटला, हे अधिक बोलके निघाले. तुटलेले टोक भिंगाखाली धरले असता तीन प्रकार स्पष्ट दिसतात. टोक बारीक वळ्यांचे, कुरळे झालेले असेल, तर गाठ तुटलेली नसून सरकत सरकत सुटलेली असते. वेढे कमी पडले किंवा नीट आवळले गेले नाहीत, असा त्याचा अर्थ. टोक आखूड आणि स्वच्छ कापल्यासारखे असेल, तर गाठीच्या गळ्यापाशी, जिथे दोरा सर्वांत तीव्र वळण घेतो, तिथेच तो तुटलेला असतो. टोक पांढुरके आणि खरबरीत असेल, तर दोष गाठीचा नाही, दोरा आधीच घासून निकामी झालेला होता. ही तपासणी होडीवरही नुसत्या डोळ्यांनी करता येते आणि प्रत्येक सभासदाने ती शिकलीच पाहिजे, कारण तुटल्यावर नशिबाला दोष देऊन पुन्हा तीच गाठ मारणे हा साहित्याचा आणि जलाशयाचा, दोघांचाही अपमान आहे.

सुधारित क्लिंच गाठ तंगुसात उत्तम बसली. ब्रेडेड दोऱ्यात मात्र ती सरकली. पालोमार गाठीत दोरा दुहेरी करून कडीतून नेतात, दुहेरीचीच साधी गाठ मारतात आणि उरलेला फास कडीवरून पलीकडे टाकून आवळतात. कडीवर दोन पदर बसत असल्याने गुळगुळीत ब्रेडेड दोराही तिथे घट्ट राहिला. तिची अडचण एवढीच की फास संपूर्ण वस्तूवरून ओलांडावा लागतो. तिहेरी गळ लावलेल्या लांब स्पूनवरून तो नेताना गळाची टोके दोऱ्यात अडकतात आणि गाठ पिळवटून बसते. लहान कडीसाठी ती आदर्श, थेट स्पूनसाठी गैरसोयीची.

ब्रेडेड दोरा आणि लीडर एकमेकांना जोडण्यासाठी दुहेरी युनी, अल्बर्टो आणि एफजी या तीन गाठी पाहिल्या. एफजी ही खरोखर सुंदर गाठ आहे : लीडर सरळच राहतो आणि ब्रेडेड दोरा त्याच्याभोवती आलटून पालटून विणला जातो, त्यामुळे ती सर्वांत सडपातळ होते. परंतु ती मारताना दोरा सतत ताणलेला लागतो, आणि वाऱ्यात हलणाऱ्या होडीवर ओल्या बोटांनी ती नवख्याला जमणार नाही. आपला जोड कडीबाहेरच राहत असल्यामुळे तिच्या सडपातळपणाचा आपल्याला उपयोगही नाही. दुहेरी युनीत तंगुसाच्या बाजूला पाच आणि ब्रेडेडच्या बाजूला आठ वेढे दिल्यावर जोड टिकला आणि प्रत्येक वेळी लीडरच्या खालच्या गाठीलाच आधी हार मानावी लागली. तूर्त दुहेरी युनी.

सर्व गाठींना लागू असणारा नियम : आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, वेढे एकावर एक चढू न देता हळूहळू ओढावे आणि ब्रेडेड दोऱ्याचे शेपूट पाच मिलिमीटर राखूनच कापावे.

17 नोव्हेंबर 2024

गळांची चाचणी त्याच बादलीने घेतली. स्पूनसोबत येणारे जाड तारेचे तिहेरी गळ काढून टाकले आणि त्यांच्या जागी बारीक तारेचा, बिनकाट्याचा (टोकाशी उलटा दात नसलेला) एकेरी गळ लावला. गळाचे टोक लाकडाच्या ठोकळ्यात रोवून भार वाढवला असता तो चार किलोच्या आतच उघडू लागला, आणि नेमके हेच अपेक्षित होते. ड्रॅग दीड किलोला लावलेला असल्यामुळे माशाच्या ओढीने तो उघडत नाही. खोडात अडकल्यावर मात्र दोरा सरळ धरून ओढला की लीडर तुटण्यापूर्वी गळ सरळ होतो आणि स्पूनसह सर्व काही वर येते. बिनकाट्याच्या गळामुळे महसीर लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढताच सोडता येईल. शिवडा हाही आता जागतिक पातळीवर असुरक्षित गणला जाणारा मासा आहे, म्हणून गटाने तोही सोडण्याचे ठरवले आहे.

1 डिसेंबर 2024, कण्हेर

जुळणी प्रथमच पाण्यात उतरवली. पाणी निवळलेले होते आणि वारा सकाळी नऊपर्यंत जवळजवळ नव्हता. दोऱ्यातून तळाचा स्पर्श स्वच्छ कळत होता; स्पून चिखलावर टेकला की बोटाला मऊ थांबा जाणवतो आणि दगडावर टेकला की टक्क होते.

तासाभरात एक अडचण उभी राहिली. स्पून पडताना स्वतःभोवती फिरतो आणि तो पीळ लीडरमध्ये साठत जातो. रॉड खाली करून दोरा सैल सोडला, की लीडर स्वतःभोवतीच गुंडाळून गळात अडकत होता. वर ब्रेडेड दोऱ्यातही पीळ चढू लागला होता आणि रिळावरून त्याची सैल वेटोळी सुटत होती. पाण्याखाली पिळाची अशी एक गाठ बसली, तर वर मारलेल्या सर्व गाठींचे कष्ट वाया जातात.

उपाय होडीवरच सुचला आणि तो सुटसुटीत आहे. दुहेरी युनीच्या जागीच स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे फिरणाऱ्या कड्या असलेली जोडणी, बसवायचे. ब्रेडेड दोरा स्विव्हलला पालोमारने बांधायचा, जी गाठ तिथे सर्वांत भक्कम ठरलेली आहे, आणि स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला लीडर. दोरा-दोऱ्याची अवघड गाठच त्यामुळे नाहीशी होते. लीडर आखूड असल्याने स्विव्हल रॉडच्या कडीवर आपटण्याची भीती नाही. साधे पिंपाच्या आकाराचे स्विव्हल ताणाखाली नीट फिरत नाही, त्यामुळे छर्ऱ्यांचे लहान स्विव्हल घेतले आहे.

22 डिसेंबर 2024

स्विव्हल लावल्यानंतर पीळ नियंत्रणात आला आहे. आज स्पून आणि लीडर यांच्यातील जोडाकडे लक्ष दिले.

स्पूनचे भोक पत्र्यात पाडलेले असते आणि त्याची कड अनेकदा धारदार राहते. बोटाच्या नखाने ती चाचपता येते. तिथे लीडर थेट बांधणे योग्य नाही. स्प्लिट रिंगमध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वेढ्याच्या कडीत, बांधायचे ठरवले, तर गाठ सरकत सरकत तारेची टोके जिथे संपतात त्या फटीपाशी जाते आणि तिथे तंगूस चिरतो. म्हणून गोलाकार तोंडाचा लहान स्नॅप, म्हणजे उघडता-मिटता येणारी तारेची कडी, वापरला. स्नॅपच्या गोलाईमुळे स्पूनला मोकळेपणाने डोलता येते. गाठ मात्र एका जागी, गुळगुळीत तारेवर राहते. स्पूनभोवती मोकळा फास राहणारी लूप गाठ हाही चांगला पर्याय आहे, परंतु स्पून बदलताना प्रत्येक वेळी लीडरचा तुकडा कापावा लागतो आणि कापलेले तुकडे वाऱ्याने पाण्यात जातात.

स्पून निवडताना शिसे टाळले आहे. शिशाची घनता 11.3 आणि पितळेची साधारण 8.5 असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा पितळी स्पून आकाराने मोठा होतो आणि थोडा सावकाश पडतो. थंडीत मासे मंदावलेले असताना ही सावकाशी मला उलट फायद्याचीच वाटते. बारा मीटरवर 21 ग्रॅम योग्य बसले. उचललेला स्पून पडू देताना रॉडचे टोक त्याच्याच वेगाने खाली न्यावे, म्हणजे दोरा सैलही होत नाही आणि ताठही राहत नाही. पूर्ण सैल सोडला तर चावा कळत नाही, ताठ धरला तर स्पून डोलत नाही.

याच पद्धतीत आज एक शिंगाळा लागला. हिसका जाणवला नाही. दोऱ्याचा रंग जिथपर्यंत खाली जायला हवा होता, त्याच्या हातभर आधीच थांबला, एवढेच. रॉड उचलताच वजन लागले.

12 जानेवारी 2025, कण्हेर

धरणाचे पाणी सिंचनासाठी सुटू लागले असून पातळी उतरत आहे, त्यामुळे खोडे आता होडीच्या अधिक जवळ आली आहेत. आज मुद्दाम त्यांच्यावरच जिगिंग केले, कारण क्रमाची खरी परीक्षा इथेच होते.

अडकलेला स्पून सोडवण्याची रीत अशी ठरवली आहे. प्रथम होडी थेट वर आणून दोरा सैल सोडावा आणि रॉडचे टोक भराभर हलवावे. स्पूनचे वजनच त्याला खाली खेचून गळ सोडवते. तसे न सुटल्यास रॉड बाजूला ठेवून दोरा लाकडी दांड्यावर गुंडाळून सरळ वर ओढावा. हाताला गुंडाळू नये. इतका बारीक ब्रेडेड दोरा कातडी कापत आत जातो. आज बहुतेक वेळा गळ उघडला आणि स्पून परत आला. एका गळाच्या टोकाला बाभळीच्या सालीचा काळा तुकडा चिकटलेला होता. चिमट्याने गळ पुन्हा वाकवून वापरू नये, कारण एकदा उघडलेली तार पुढच्या वेळी माशाच्याच ओढीने उघडेल.

एक स्पून मात्र दोन खोडांच्या फटीत बसला आणि लीडर तोडावा लागला. तो स्नॅपच्या गाठीपाशी तुटला. टोक स्वच्छ होते आणि 1.2 मीटरचा संपूर्ण तंगूस वर आला. हे योगायोगाने घडू नये, म्हणून स्विव्हलकडील गाठ आता दुहेरी केलेल्या तंगुसाची युनी, सहा वेढ्यांची, आणि स्नॅपकडील गाठ एकेरी तंगुसाची सुधारित क्लिंच, पाच वेढ्यांची, अशी ठरवली आहे. घरी बादलीवर हा भेद पुन्हा तपासला असता दुहेरी बाजू टिकली आणि एकेरी बाजू तुटली.

26 जानेवारी 2025

लीडर प्रत्येक अडकण्यानंतर नखांमधून सरकवून तपासावा. खरबरीत लागल्यास स्नॅपकडील हातभर तुकडा कापून नवी गाठ मारावी. लीडर 80 सेंटिमीटरहून आखूड झाल्यास पूर्ण बदलावा. कापलेले तुकडे झाकणाच्या डबीतच टाकावेत.

16 फेब्रुवारी 2025

गटासाठी अंतिम जुळणी आज लिहून काढली. पीई 1 ब्रेडेड दोरा, 9 किलो, पालोमार, छर्ऱ्यांचे स्विव्हल, दुहेरी पदराची युनी, 12 पौंडी तंगुसाचा 1.2 मीटर लीडर, सुधारित क्लिंच, गोल स्नॅप, 14 किंवा 21 ग्रॅमचा पितळी स्पून, बारीक तारेचा बिनकाट्याचा एकेरी गळ, ड्रॅग दीड किलो. ताकदीचा क्रम खालून वर वाढत जातो : आधी गळ उघडतो, मग स्नॅपची गाठ, मग लीडरची वरची गाठ, आणि ब्रेडेड दोरा सर्वांत शेवटी. सभासदाला यातील एखादा भाग बदलायचा असेल, तर तो बदलल्यानंतरही हा क्रम टिकतो की नाही, हे त्याने बादलीवर दाखवावे, एवढीच अट घातली आहे. विशेषतः कोणी जाड तारेचा गळ लावू इच्छित असेल, तर त्याला लीडर आणि मुख्य दोराही त्याच प्रमाणात वाढवावा लागेल, आणि मग बारीक दोऱ्याचे सगळे लाभ गमवावे लागतील.

ब्रेडेड दोऱ्याचा रिळावर बाहेरच्या बाजूला असलेला, सतत पाण्यात राहणारा भाग फिका पडून थोडा केसाळ झाला आहे. पावसाळ्यापूर्वी संपूर्ण दोरा उलटा करून, आतले न वापरलेले टोक बाहेर घेऊन पुन्हा भरायचा आहे. स्विव्हल तेव्हाच बदलावीत. तात्यांना जुळणीचा एक संच दाखवला, तेव्हा त्यांनी स्नॅपची गाठ दोन बोटांत धरून ओढून पाहिली आणि पुढच्या हंगामासाठी होडी द्यायला संस्थेची हरकत नसल्याचे सांगितले. परवानगीचा नवा अर्ज मार्चमध्ये करायचा आहे.